झोप लागत नाही? आधी तोंड उघडून बघा

"सिस्टर, झोपेची गोळी द्या." तलासरीकडच्या एका मावशींनी शिबिरात एवढंच मागितलं. मी बीपी पाहिलं, साखर पाहिली, घरात काही ताण आहे का तेही विचारलं. तोंडात बघायचं सुचलंच नाही. उठताना त्यांनी गालावर हात दाबून धरला, तेव्हा परत बसवलं आणि टॉर्च लावली. खालची दाढ मुळापर्यंत किडलेली, हिरड्या काळवंडलेल्या. दिवसभर कामात दुखणं कळत नाही, आडवं झालं की सुरू होतं, असं त्या म्हणाल्या. इतकी वर्षं वॉर्डात काढूनही माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

आडवं झाल्यावरच दाढ का ठणकते? दाताच्या आत मऊ गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. कीड तिथवर पोचली की गाभा सुजतो, पण भोवती दाताचं टणक कवच, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते. झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि त्या कोंडलेल्या जागेत ठणका लागतो. म्हणून अशा रात्री दोन उशा किंवा गोधडीची घडी घेऊन डोकं उंच ठेवा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. ॲस्पिरिनची गोळी दाढेत दाबून धरू नका, हिरडी भाजते. हा उपाय एका रात्रीपुरताच. ठणका आपोआप थांबला म्हणून निर्धास्तही होऊ नका. कधी नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचत असतो.

मावशी झोपताना मशेरी लावायच्या, "दाढेला बरं वाटतं" म्हणून. थोडा वेळ वाटतंही. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन छातीचे ठोके वाढवतं, मेंदूला जागं ठेवतं. झोप उशिरा लागते, लागली तरी सावध लागते. इकडे हिरडी दातापासून सुटत जाते, मूळ उघडं पडतं, दुखणं वाढतं. मध्यरात्री जाग आली की पुन्हा डबी. यात झोपेची गोळी काय करणार?

उंबरगाव-सरीगामच्या कारखान्यांत रात्रपाळीला जाणारी आपली मुलं जागं राहायला दाढेखाली तंबाखू धरतात आणि सकाळी घरी येऊन डोळा लागत नाही म्हणतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते मी सांगायला नको. घरात कोणी खात असेल तर त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा तोंडातला व्रण, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर दाखवायला न्या. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे.

पोरांचं वेगळं. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातात अडकलेलं गोड रात्रभर तसंच राहतं. आपल्या डहाणूच्या चिकूला मी दोष देत नाही, पण चिकू खाऊन दात न घासता झोपलेलं पोर पुढे मागे रात्री रडत उठणारच. तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्या मुलाचं तोंड कोरडं पडतं, त्याला कीड लवकर लागते. त्याचं नाक आणि घसाही तपासून घ्या.

एका गोष्टीला मात्र सकाळची वाट बघू नका. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, तोंड उघडत नाही, असं दिसलं तर त्याच रात्री १०८ ला फोन करा. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय. दाताच्या पुवाने श्वासनलिका दाबली जाऊन माणूस दगावतो, हे अजून पुष्कळांना खरं वाटत नाही.

मावशींची दाढ काढली. मशेरी सुटलेली नाही, पण संध्याकाळी डबी सुनेकडे देऊन टाकतात. परवा भेटल्या तेव्हा गोळी मागितली नाही, सुनेची तक्रार केली: मागितली तरी देत नाही म्हणाल्या.