पडद्यावरची गाडी लांब दिसते

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वडापावसाठी उतरतात आणि कॅमेरेवाले रेल्वेवेडे फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला पळतात. तिथे मागून बँकर लागत असतात. पुढे भोर घाटात ३७ला १ असा चढ, म्हणून लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलायला ही जादा इंजिनं. बफर बफरला टेकतात, सगळी गाडी एकदा हलकेच हिसकते. पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहून टिपता येणारा, घाटातला सर्वांत देखणा फोटो बहुधा हाच.

नवख्यांना मात्र समोरून अंगावर येणारी गाडीच हवी असते. गडबड होते ती इथे. मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड असते. तिच्यात गाडी आहे त्याहून बरीच लांब वाटते. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. शिवाय ती रुळांएवढीच रुंद नसते. रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर, डबा सव्वातीन मीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही अंगांना पाऊण मीटर डबा रुळाबाहेर. ‘मी रुळापासून लांबच होतो’ म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो.

डोळा कॅमेऱ्याला लागला की कानही बंद होतात. घाटातल्या एका फलाटावर प्रस्तुत लेखक चढणीच्या मालगाडीवर कॅमेरा रोखून उभा होता. तिच्या घरघरीत पाठीमागच्या लाइनवर उतरून येणारी एक्स्प्रेस ऐकूच आली नाही. एका हमालाने बॅगेचा पट्टा धरून मागे खेचलं, शेलकी शिवी दिली आणि तो निघून गेला. तेव्हापासूनचा शिरस्ता: जोडीला कुणीतरी हवंच, आणि त्याने फोटो न काढता फक्त दोन्ही बाजूंना बघायचं. ही कामगिरी कुणालाच आवडत नाही, म्हणून आळीपाळीने करावी.

रुळांवर उतरणं हा तर सरळ गुन्हा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३मध्ये दूधसागरला रुळांवरून चालत आलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. धबधबा गाडीतूनच पाहा, असं दक्षिण पश्चिम रेल्वेने बजावलं. खरं तर वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन आणि धबधबा एकाच चौकटीत येतात. हात आणि मोबाइल मात्र आतच.

पादचारी पुलावरून फोटो काढताना मोनोपॉड, सेल्फी स्टिक, ओली छत्री तारेकडे न्यायची नाही. तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला स्पर्शच व्हावा लागतो असं नाही. फ्लॅश बंद; लोको पायलटचे डोळे दिपतात.

राहिला शटरचा प्रश्न. धावत्या गाडीला १/१००० पुरतं. तेवढ्यात ती तीनच सेंटिमीटर सरकते. पण त्या वेगाला एलईडी फलकावरची अक्षरं तुटतात. नाव स्पष्ट हवं असेल तर गाडी थांबू द्यावी आणि शटर १/६०वर आणावं.