भंगारातील अदृश्य शत्रू : ई-कचरा, किरणोत्सर्ग आणि आपले आरोग्य

'जुने ते सोने' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजच्या काळात ती एका वेगळ्याच अर्थाने खरी ठरली आहे. निकामी झालेल्या संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या आतील हिरव्या पट्टीवर खरोखरच थोडे सोने असते. एक टन खनिजातून जेवढे सोने निघते, त्याच्या कितीतरी पट अधिक सोने एक टन सर्किट बोर्डांतून मिळू शकते. त्या सोन्यासाठी आणि तारांतील तांब्यासाठी जगभर असंख्य माणसे उघड्या हातांनी हा कचरा फोडतात, जाळतात आणि आम्लात बुडवितात. सोने व्यापाऱ्याकडे जाते; विष मात्र त्या माणसांच्या व त्यांच्या लेकरांच्या शरीरात मुरते. या विषाची आणि भंगारातच क्वचित दडून येणाऱ्या किरणोत्सर्गाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ई-कचऱ्याचे स्वरूप

विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे जे उपकरण आपण टाकून देतो, तो ई-कचरा होय. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, संगणक, भ्रमणध्वनी, दिव्यांच्या नळ्या, खेळणी आणि रुग्णालयांतील निरुपयोगी उपकरणे या सर्वांचा त्यात समावेश होतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. उरलेला कचरा कोठे जातो? काही घराच्या माळ्यावर पडून राहतो, काही उकिरड्यावर जातो आणि बराचसा असंघटित भंगार बाजारात पोहोचतो. दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद, मुंबईतील कुर्ला, साकीनाका व धारावी ही नावे या संदर्भात वारंवार घेतली जातात.

या व्यवसायावर हजारो कुटुंबांची चूल पेटते, हे विसरून चालणार नाही. दोष त्या कष्टकऱ्यांचा नाही. त्यांच्या हाती सुरक्षित साधन नाही आणि आपण काय हाताळतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, ही खरी अडचण आहे.

विषाचा प्रवास

उपकरण बंद अवस्थेत घरात असेपर्यंत त्यातील बहुतेक विषारी द्रव्ये बंदिस्त असतात. ते फोडले किंवा जाळले की विषाचा प्रवास सुरू होतो. जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या चित्रनलिकांच्या काचेत व डाखकामात शिसे असते. काही बॅटऱ्यांत कॅडमियम असते. नळीच्या दिव्यांत पारा असतो. प्लास्टिकने लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळलेली असतात. तांबे काढण्यासाठी पीव्हीसीचे वेष्टण असलेल्या तारा उघड्यावर जाळल्या की डायऑक्सिन वर्गातील अतिशय घातक द्रव्ये धुरावाटे बाहेर पडतात. सोने विलग करण्यासाठी वापरलेले आम्ल शेवटी गटारात ओतले जाते आणि तेथून माती व पाण्यात उतरते.

या धातूंचे दुष्परिणाम वैद्यकशास्त्राला नवे नाहीत. जपानमधील मिनामाता येथे सागरात सोडलेल्या पाऱ्याने मज्जासंस्थेचा जो विकार जडविला, त्याची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. त्याच देशातील जिंत्सू नदीच्या खोऱ्यात कॅडमियममुळे मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे ठिसूळ होण्याचा 'इताई-इताई' हा वेदनामय आजार पसरला होता. १९६८ मध्ये तो प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्य करण्यात आला. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात शिरले की दहा ते तीस वर्षांत जेमतेम निम्मे कमी होते. आज घेतलेल्या विषाचा हिशेब शरीर म्हातारपणी मागते, तो असा.

बालकांच्या रक्तातील शिसे

सर्वांत मोठी झळ बालकांना बसते. खाण्यातून पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा अंश प्रौढ शरीर शोषून घेते, त्याच्या चार ते पाच पट अंश बालकाचे शरीर शोषते. शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन हाडांत साठते, गर्भवतीच्या वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि वाढत्या मेंदूच्या जडणघडणीत ढवळाढवळ करते. रक्तातील हीमोग्लोबिन तयार होण्याची क्रियाही त्यामुळे खुंटते. परिणामी मूल फिकट दिसते, त्याचे पोट दुखते, ते चिडचिडे होते आणि अभ्यासात मागे पडते. लक्षणे इतकी सामान्य असतात की त्यामागे शिसे असेल अशी शंकाही येत नाही.

चीनमधील ग्वांगडाँग प्रांतातील ग्वियू हे गाव एकेकाळी ई-कचऱ्याची जगातील मोठी बाजारपेठ होते. तेथील आणि शेजारच्या चेनडियन गावातील सहा वर्षांखालील २२६ बालकांच्या रक्ततपासणीचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ग्वियूतील बालकांच्या दर डेसिलिटर रक्तात सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम, तर शेजारगावात ९.९४ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम पातळी आढळली तरी त्याचा उगम शोधून तो दूर करणे आवश्यक आहे. शिशाची कोणतीही पातळी पूर्णतः सुरक्षित मानलेली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

मूल भंगाराच्या दुकानात गेलेच पाहिजे असेही नाही. वडिलांच्या कपड्यांवरची, केसांतली आणि चपलांवरची धूळ घरात येते. रांगते मूल तीच बोटे तोंडात घालते.

भंगारात दडलेला किरणोत्सर्ग

शिसे निदान डोळ्यांना दिसते. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही आणि स्पर्शही नाही. भंगारात तो कसा येतो, हे दोन दुर्घटनांवरून समजते.

पहिली घटना ब्राझीलमधील गोयानिया शहरातील. एक किरणोपचार केंद्र दुसरीकडे हलविले गेले. परंतु सीझियम-१३७ असलेले उपचारयंत्र जुन्या इमारतीतच राहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी त्याचा भाग काढून भंगारात विकला. आतील भुकटी अंधारात निळसर चमकत होती. ती अद्भुत वस्तू म्हणून नातलगांत वाटली गेली. सहा वर्षांची एक मुलगी त्या भुकटीशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली. घरातील माणसे एकामागून एक आजारी पडू लागली, तेव्हा डॉक्टरांना प्रथम वेगळ्याच रोगांचा संशय आला. या सगळ्याचा संबंध त्या चमकणाऱ्या वस्तूशी असावा, हे ओळखले ते भंगारवाल्याच्या पत्नीने. तिने ती वस्तू पिशवीत घालून आरोग्य कार्यालयात नेली आणि त्यामुळेच उलगडा झाला. पुढे एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या शरीरावर किंवा शरीरात दूषितता आढळली. चौघांचा मृत्यू झाला. त्यांत ती लहान मुलगी होती आणि ती गृहिणीही होती.

दुसरी घटना आपल्या राजधानीतील. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० असलेले गॅमा किरण यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात पोहोचले. तेथे ते तोडण्यात आले. एका दुकानदाराने त्यातील तुकडा चक्क खिशातील पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये त्वचा काळवंडणे, केस गळणे, उलट्या अशा लक्षणांनी काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांपैकी एका कामगाराचा महिनाअखेरीस मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही दुर्घटना चौथ्या पातळीची ठरली.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असते. म्हणजे तेवढ्या काळात त्याची तीव्रता निम्मी होते. १९८५ ते २०१० या पंचवीस वर्षांत ती सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर आली होती. तरीही तिने एक जीव घेतला. 'यंत्र जुने झाले, आता त्यात काय राहिले आहे?' हा समज किती घातक आहे, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

असे द्रव्य भट्टीत वितळले तर त्याचा माग काढणे अधिकच कठीण होते. २००८ साली फ्रान्समधील काही उद्वाहकांच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. त्या बटणांचे पोलाद भारतातून गेलेले होते.

सर्वच किरण सारखे नव्हेत

या ठिकाणी वाचकांच्या मनातील काही शंकांचे निरसन करणे इष्ट ठरेल. क्ष-किरण यंत्रात किरणोत्सारी द्रव्य नसते. वीज बंद केली की त्यातील किरणही थांबतात. मात्र जुने यंत्र मोडीत काढताना त्याच्या आवरणातील शिसे व रोहित्रातील तेल यांची नीट विल्हेवाट लावावी लागते. निसर्गातूनच माणसाला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळत असते. छातीच्या एका क्ष-किरण चित्रातून मिळणारी मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ती साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्टपर्यंत जाते. म्हणून आवश्यक तपासणीला भिऊ नये आणि अनावश्यक तपासणीचा आग्रहही धरू नये.

भ्रमणध्वनी व त्यांचे मनोरे यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी वेगळ्या प्रकारच्या आहेत. अणूतील इलेक्ट्रॉन विलग करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. २०११ साली कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात भ्रमणध्वनी व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. भारताने २०१२ मध्ये मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली होती. आपण मनोऱ्याकडे भीतीने पाहतो आणि त्याच वेळी जुना भ्रमणध्वनी निर्धास्तपणे कचऱ्यात टाकतो. प्रत्यक्षात सिद्ध झालेला धोका त्या कचऱ्यात आहे.

वैद्यकाचा एक प्रश्न

इ.स. १७०० मध्ये इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारण्याचा आग्रह धरला. तीन शतकांनंतरही त्या प्रश्नाचे मोल कमी झालेले नाही. बाह्यरुग्ण विभागात औषधोपचारानेही न हटणारा रक्तक्षय असलेले मूल आले, तर त्याच्या आईवडिलांचे काम विचारले गेले पाहिजे. आगीशी संबंध नसताना भाजल्यासारखी जखम, कारणाविना उलट्या, काही आठवड्यांनी केस गळणे व पांढऱ्या पेशी घटणे अशी लक्षणे एकत्र दिसली आणि रुग्ण भंगाराशी संबंधित असला, तर किरणोत्सर्गाची शंका घेतलीच पाहिजे. गोयानियातील एका गृहिणीने जो संबंध जोडला, तो जोडणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे.

रुग्णालये स्वतःही या कचऱ्याची निर्माती आहेत, याची जाणीव आम्हाला आहे. गोयानियातील यंत्र रुग्णांना बरे करण्यासाठीच आणलेले होते. किरणोत्सारी स्रोत वापराबाहेर गेला की मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनेच त्याची विल्हेवाट लावावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणे येतात. त्यांत वैद्यकीय उपकरणांचाही समावेश आहे. यंत्र खरेदीच्या दिवशीच त्याच्या अखेरच्या प्रवासाची नोंद करून ठेवणे, हा नियम प्रत्येक रुग्णालयाने स्वतःस घालून घ्यावा.

आपण काय करावे?

१. उपकरण दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करून वापरावे. त्याचे आयुष्य वाढले की तेवढा कचरा टळतो.

२. निकामी उपकरणे व बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा उत्पादकाच्या संकलन केंद्रात द्याव्यात.

३. तारा, प्लास्टिक व सर्किट बोर्ड कदापि जाळू नयेत. फुगलेली बॅटरी टोचू अथवा दाबू नये. ती पेट घेऊ शकते.

४. पाऱ्याचा तापमापक किंवा नळीचा दिवा फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर न्यावे आणि तुकडे जाड कागदाने उचलावेत. केरसुणी वापरू नये. तिने पारा अधिक पसरतो.

५. भंगाराचे काम करणाऱ्यांनी घरी आल्यावर आधी हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत आणि ते वेगळे धुवावेत. मुलांच्या आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असावे. त्यामुळे शिशाचे शोषण कमी होते.

६. तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह ओळखावे. २००७ साली त्याच्या जोडीला कवटी आणि पळणारा माणूस असलेले लाल चिन्हही योजण्यात आले. असे चिन्ह असलेली, अथवा आकाराच्या मानाने अतिशय जड आणि पक्की बंद केलेली अनोळखी वस्तू आढळल्यास ती उघडू नये. दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि पोलिसांना कळवावे.

समारोप

आपण भंगारवाल्याच्या तराजूत वस्तू ठेवतो, पैसे मोजून घेतो आणि दार लावून घेतो. त्या वस्तूशी असलेले आपले नाते तेथे संपले असे आपल्याला वाटते. ते संपत नाही. ती कोणाच्या तरी हातांनी फुटते, कोणाच्या तरी श्वासात जाते आणि कोणाच्या तरी मुलाच्या रक्तात उतरते. ते मूल उद्या रुग्णालयाच्या दारी येते. त्याच्यावर उपचार करणे हे आमचे व्रत आहेच. परंतु त्याला येथे यावेच लागू नये, हे पाहणे आपणा सर्वांच्या हाती आहे. आज घरी गेल्यावर टेबलाचा तो एक खण उघडावा, त्यातील बंद पडलेली उपकरणे बाहेर काढावीत आणि ती योग्य हाती सोपवावीत. या आरोग्यकार्याचा आरंभ तेथूनच व्हावा, ही नम्र विनंती.