टॉर्चच्या कागदावरचा १.८

साउथहॅम्प्टनला राहणाऱ्या भाचीला चौदावा आठवडा चालू आहे. नवव्या आठवड्यात ती पुण्याला माहेरी गेली होती, तेव्हा 'करून टाकू' म्हणत तिची टॉर्च चाचणी झाली. कागदावर प्रतिपिंडांच्या दोन ओळी ठळक छापून आल्या: हर्पीस आयजीएम पॉझिटिव्ह, हर्पीस टाइप दोन आयजीजी १.८. मावशीची उमेदीची वर्षं मुंबईत पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली.

भाची : इथे मिडवाइफनं सुरुवातीलाच रक्त घेतलं. एचआयव्ही, हेपटायटिस बी, सिफिलिस. हर्पीसचं नावही काढलं नाही. पैसे वाचवतात का हे लोक?

मावशी : नाही गं. त्या तिन्ही आजारांत आईला आधी कळलं तर बाळाला वाचवता येतं आणि चाचण्याही भरवशाच्या आहेत. हर्पीसचं तसं नाही. काहीही त्रास नसलेल्या लोकांची टाइप दोनसाठी सरसकट तपासणी केली तर काय होईल, याचा हिशेब अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २०१६ साली मांडला. जवळजवळ निम्मे पॉझिटिव्ह खोटे निघतील, असं दिसलं. २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, की लक्षणं नसतील तर ही रक्तचाचणी करू नका, गरोदर बायकांचीही नको.

भाची : पण आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग ना?

मावशी : ती ओळ आधी खोडून टाक. जुना विषाणू पुन्हा उसळला तरी आयजीएम येतं. शिवाय टाइप एक आणि टाइप दोन यांतला फरक त्याला धड कळत नाही. टाइप एक तर जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो.

भाची : मग मला हा कधी झाला? नवऱ्याकडून आला का?

मावशी : रक्त तारीख सांगत नाही आणि माणूसही सांगत नाही. मुळात हा टॉर्च शब्द नाहमियास नावाच्या संशोधकानं १९७१ साली रूढ केला. तो स्वतः हर्पीसचाच अभ्यासक. नवजात बाळांत सारखी दिसणारी काही दुखणी डॉक्टरांनी एकत्र ध्यानात ठेवावीत, एवढाच हेतू. आपल्याकडे त्याचं पॅकेज झालं! गर्भपात झाला, काढा टॉर्च. पुन्हा दिवस गेले, काढा टॉर्च. त्या आयजीएमच्या जोरावर महिनोन् महिने गोळ्या खाल्लेल्या मुली मी पाहिल्यात. आणि सासरी पहिला प्रश्न कोणता? हे कुठून आणलंस! त्या मुलींसाठी माझा जीव आजही तुटतो.

भाची : मी त्याला विचारलं, मावशी. दोन दिवस तो बोलला नाही.

मावशी : १.८ वर नवऱ्याला जाब विचारलास? आधी मला फोन करायचा होतास. नीट ऐक. १.१ च्या वर पॉझिटिव्ह छापतात, पण १.१ ते ३ हा पट्टा फार फसवा असतो. एवढा कमी आकडा आला तर वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीनं खात्री करा, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, सीडीसीच्या २०२१ च्या सूचनांतच आहे.

भाची : आणि तो खरा असला तर?

मावशी : खरा असला तरी कधीचा ते कळणार नाही. संसर्गानंतर आयजीजी तयार व्हायला दोन आठवड्यांपासून तीन महिनेही लागतात. म्हणून नव्याची शंका असेल तर पहिल्या चाचणीनंतर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, म्हणजे तुझ्या एकविसाव्या आठवड्यात. जुना असेल तर घाबरायचं कारण आणखी कमी, कारण आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात.

भाची : मग एवढी भीती कसली घालतात?

मावशी : शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच होणाऱ्या संसर्गाची. तेव्हा प्रतिपिंडं बनायला वेळच मिळत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत त्या वेळी नैसर्गिक बाळंतपण झालं तर बाळाला धोका ४१ टक्के दिलाय, म्हणून सिझेरियन सुचवतात. जुना संसर्ग उलटला असेल तर ० ते ३ टक्के. आणि इथेच रक्तचाचणी खरी कामाची. समज, बत्तिसाव्या आठवड्यात कुणाला आयुष्यात पहिल्यांदा फोड आले. फोडाच्या स्वॅबवरून कळतं टाइप कोणता. त्याच टाइपचं आयजीजी रक्तात आधीच असेल, तर फोड पहिले असले तरी संसर्ग जुना. नसेल, तर नवा. ऑपरेशन करायचं की नाही, हे त्यावर फिरू शकतं.

भाची : म्हणजे फोडच नसताना मी रक्त दिलं!

मावशी : हो. फोड आला तर मात्र त्याच दिवशी मिडवाइफला कळव. स्वॅब ताज्या फोडाचाच चांगला लागतो. सुकल्यावर जाऊन उपयोग नाही. लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकमध्ये जीपीची चिठ्ठीही लागत नाही, तपासणी फुकट, नाव गुप्त. गरज पडली तर शेवटच्या आठवड्यांत ॲसिक्लोव्हिर देतात.

भाची : गोळ्यांचं ठीक आहे गं. पण त्याला आता काय सांगू?

मावशी : चाचणीनं तुमच्या दोघांबद्दल काहीच सिद्ध केलेलं नाही, हे सांग. आणि त्याला ओठावर फोड येतात का ते विचार.

भाची : येतात. दर हिवाळ्यात.

मावशी : तो बहुधा टाइप एक, आणि टाइप एक खालीही होऊ शकतो. तुझा टाइप एकचा आयजीजी निगेटिव्ह असेल तर शेवटच्या तिमाहीत तोंडाचा संबंध ठेवू नका. मिडवाइफला दोन्ही गोष्टी सांग, हा कागद आणि त्याचे फोड. आणि बाळ झाल्यावर ओठावर फोड असेल त्या दिवसांत त्यानं बाळाचा पापा घ्यायचा नाही. बारशाला आलेल्या आजीनंही नाही.