डबाबंद पेयांचा न खपलेला माल व त्याची विल्हेवाट

धान्याच्या व्यापारात माल पडून राहिला तरी तो सर्वस्वी वाया जात नाही. जुनी ज्वारी भाव उतरवून विकली जाते. भिजलेला माल पशुखाद्यास जातो. डबाबंद पेयाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या बुडावर तारीख छापलेली असते, आणि ती उलटली की काल जो माल होता तो आज माल राहत नाही. आपल्या समाजातील अनेक तरुणांनी अलीकडे फळांचे रस, सरबते व सोडायुक्त पेये यांच्या एजन्सी घेतल्या आहेत. वळवाचा पाऊस लवकर आला, किंवा योजनेच्या मोहाने जास्त माल उचलला, म्हणजे त्यांच्या गुदामात अशा पेट्या साचतात. त्यांचे पुढे काय करावे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याच्या गुदामात एका वर्षी १०० पेट्या, म्हणजे २,४०० डबे, मुदतीबाहेर गेले. कंपनीने माल परत घेण्याचे नाकारले, कारण कळविण्याची मुदत आम्हीच चुकविली होती. चार दिवसांनी एक गृहस्थ आला. डब्यामागे ४ रुपये, रोख, पावती नको, असे त्याचे म्हणणे. म्हणजे एकूण ९,६०० रुपये. मी त्यास विचारले, “या मालाचे तुम्ही काय करणार?” तो हसून म्हणाला, “सावकार, तारखेचे काय घेऊन बसलात? ती पुसता येते.”

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. त्याचे भांडवल लहान होते आणि घरात लग्नकार्य होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली भलताच माल देणे. हा शब्द मी लहानपणी पाठशाळेत पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी गुदामात कळला. तारीख दुसऱ्याने पुसली तरी ती पुसली जाणार हे जाणून माल देणारा त्या व्यवहारातून सुटत नाही. आम्ही त्या गृहस्थास परत पाठविले.

परंतु नकार दिल्याने माल नाहीसा होत नाही. गड्याने सुचविले की डबे फोडून पेय मागच्या नाल्यात सोडावे. ही सूचना निरुपद्रवी वाटते, पण हिशेब केला म्हणजे वेगळेच दिसते. ३०० मिलिलिटरच्या २,४०० डब्यांत ७२० लिटर पेय असते. अशा गोड पेयात शेकडा दहा-अकरा भाग साखर धरली, तर सुमारे ७५ किलो साखर झाली. पाण्यात साखर कुजते तेव्हा दर किलोस सुमारे १.१२ किलो प्राणवायू शोषला जातो. म्हणजे सुमारे ८४ किलो. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. यावरून हिशेब मांडला तर आमच्या १०० पेट्या सुमारे १ कोटी लिटर पाण्यातील प्राणवायू संपविण्यास पुरेशा होत्या. त्या पाण्यातील मासे व सूक्ष्म जीव गुदमरून मरतात. मुनींच्या पाच समितींत पाचवी उत्सर्गसमिती आहे: टाकावयाची वस्तूसुद्धा जीवरहित जागा पाहून, यत्नपूर्वक टाकावी. गृहस्थास मुनींइतके पालन शक्य नाही. पण त्या समितीमागचा विचार नाल्याच्या काठी उभ्या असलेल्या व्यापाऱ्यासही लागू आहे.

मग योग्य मार्ग कोणता? न खपलेला डबा हा एक पदार्थ नसून दोन आहेत: धातू आणि गोड पाणी. दोन्ही एकत्र आहेत तोवर तो ओझे आहे. वेगळे केले की दोघांनाही उपयोग आहे. मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्राने होते. यंत्र डब्यास भोके पाडून दाबते, पेय टाकीत उतरते आणि चेपलेल्या धातूच्या गासड्या बांधल्या जातात.

धातूचा विचार प्रथम करू. ॲल्युमिनियमचा रिकामा डबा सुमारे १३ ग्रॅम भरतो. म्हणजे १०० पेट्यांतून ३० किलोच्या आसपास धातू निघतो. ॲल्युमिनियमच्या जन्माची पहिली पायरी आम्हा बेळगावकरांच्या दारातच आहे, कारण यमनापूर येथे बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार होते. साधारणतः ४ टन बॉक्साइटपासून २ टन ॲल्युमिना व त्यापासून १ टन धातू मिळतो. या शेवटच्या पायरीची विद्युत्-पद्धती १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली, आणि तीस टनामागे सुमारे १४,००० युनिट वीज लागते. उलट जुना डबा वितळवून तोच धातू मिळविण्यास नव्या धातूच्या तुलनेने शेकडा ५ इतकीच ऊर्जा पुरते. डब्याच्या आतील लेप व बाहेरील रंग तापवून जाळून टाकतात आणि मग ६६० अंशांच्या वर धातू वितळतो. तो कितीही वेळा वितळविला तरी त्याचा गुण जात नाही.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. भरलेला किंवा अर्धवट भरलेला डबा भंगारात मिसळून कधीही देऊ नये. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये पाणी शिरले तर त्याची क्षणात वाफ होऊन भीषण स्फोट होतो. भट्टीवरचा मजूर आपल्या निष्काळजीपणाने जखमी होईल, आणि आपणास ते कळणारही नाही.

आता गोड पाण्याविषयी. साखर यीस्टने आंबविली म्हणजे इथेनॉल मिळते. ७५ किलो साखरेपासून सुमारे ४५ लिटर मिळू शकते, आणि ते इंधनात मिसळता येते. दुसरा मार्ग बंद टाकीतील गॅसचा. २०२० साली महामारीत ऑस्ट्रेलियातील उपाहारगृहे व मद्यगृहे बंद पडली, तेव्हा ॲडलेड शहराच्या ग्लेनेल्ग येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राने मुदत संपलेली बिअर आठवड्यास सुमारे दीड लाख लिटर या प्रमाणात टाकीत घेतली. त्या मे महिन्यात तेथे ३,५५,००० घनमीटरच्या आसपास विक्रमी गॅस झाला. मद्य आपणास वर्ज्य आहे. पण रीत शिकण्यास हरकत नाही. आमच्या ७२० लिटरांतून, हिशेबाने, एका घरगुती गॅसटाकीहून थोडी अधिक ऊर्जा मिळू शकत होती.

आम्ही हाच मार्ग धरला. एका परिचिताच्या गोठ्यावर गोबरगॅसचे संयंत्र होते. त्यांनी बजावले, “एकदम ओतू नका, साखर जास्त झाली की खड्डा आंबट होतो व गॅस बंद पडतो.” म्हणून रोज ३० लिटर, शेणात कालवून, असे २४ दिवस काम चालले. डबेही रोज लागतील तेवढेच उघडले, म्हणजे मुंग्या-माश्या गोड पाण्यात पडून मरू नयेत. रिकाम्या डब्यांस भंगारवाल्याने किलोस १०० रुपये दिले. ३,००० रुपये आले, त्यांतून मजुरी गेली. आलेल्या गृहस्थाच्या रकमेशी तुलना करता ६,६०० रुपयांहून अधिक तोटा झाला. तो आम्ही खातेवहीत ‘शिक्षण-खर्च’ म्हणून मनातल्या मनात लिहिला.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे नष्ट केलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. घेतली असेल तर परत करावी लागते. सोडायुक्त गोड पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर शेकडा ४० आहे, हे लक्षात घेता तोट्याचे खरे मोजमाप होते. तसेच भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये उत्पादक व आयातदार यांना मुदतबाह्य व नाकारलेल्या मालाची माहिती दर तीन महिन्यांनी देण्यास सांगितले आहे. तारीख पुसण्याच्या धंद्यास आळा घालणे हा त्यामागील एक हेतू आहे.

तरुण व्यापारी बंधूंसाठी सार पुढीलप्रमाणे:

१. एजन्सी घेतानाच मुदतबाह्य माल परत घेण्याची अट व कळविण्याची मुदत लेखी घ्यावी.

२. आधी आलेला माल आधी जावा अशी मांडणी ठेवावी आणि दरमहा तारखा तपासाव्यात. मुदत दोन महिन्यांवर आली की भाव उतरवून, तारीख ग्राहकास दाखवून, माल विकावा.

३. मुदत उलटलेल्या पेट्या वेगळ्या ठेवून त्यांवर ठळक खूण करावी. उन्हात ठेवू नयेत. सोडायुक्त डबा तापल्यास फुटतो.

४. डब्यास चुंबक लावून पाहावे. चिकटला तर लोखंडी पत्रा, न चिकटल्यास ॲल्युमिनियम. दोन्ही भंगार निरनिराळे द्यावे.

५. डबा उघडून रिकामा केल्याशिवाय भंगारात देऊ नये. मोठा साठा अधिकृत संस्थेकडून नष्ट करवून दाखला घ्यावा. लहान साठ्याचे पेय गॅससंयंत्रास द्यावे.

शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याचा रस बिघडला तो पदार्थ आपल्या शास्त्रांनी ‘चलितरस’ म्हणून अभक्ष्य ठरविला आहे. जे आपण आपल्या घरच्या मुलास देणार नाही, ते बंद डब्यात दुकानाबाहेर जाऊ दिले तर एखाद्या जत्रेत दुसऱ्याच्या मुलाच्या हातात पडेल. झाकण उघडलेला डबा पुन्हा विकला जात नाही. तेवढे एक झाकण उघडणे आपल्या हाती आहे. जय जिनेंद्र.