फी माफ झाली, पण मेसचे पैसे?



बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "सर, आता मुलींचं सगळं शिक्षण मोफत झालंय ना?" याचं उत्तर अर्धं 'हो' आहे आणि अर्धं 'नाही'. हे अर्धं 'नाही' वेळेत कळलं नाही, तर हाती आलेली जागा सोडून मुलगी घरी बसते. मग वर्षभरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

काय माफ होतं?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण, म्हणजे १०० टक्के शासन भरतं. आधी ही सवलत ५० टक्के होती. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे.

काय माफ होत नाही?

राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं. समजा, खोली आणि मेस मिळून महिन्याला ५,००० रुपये लागतात. दहा महिन्यांचे ५०,००० झाले. एसटी, वह्या-पुस्तकं धरून आणखी १०,००० धरा. आईवडील दोघं मिळून महिन्याला १५,००० कमावत असतील, तर ही त्यांची चार महिन्यांची कमाई झाली. फी शून्य असूनही मुलगी परत येते ती इथे.

ही अडचण आजची नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. शिक्षण अडलं होतं ते पोटापाशी.

मग कुठे बघायचं?

- प्रगती शिष्यवृत्ती (एआयसीटीई): तांत्रिक पदवी किंवा पदविकेच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये. उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका कुटुंबातल्या जास्तीत जास्त दोन मुली. निवड गुणवत्तेवर होते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.
- वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयं आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात जमा होतात.
- डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता: अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांमुलींना याचा विशेष उपयोग होतो. अर्ज महाडीबीटीवर.
- कमवा व शिका: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी काम करून शिकता येतं.

दोन योजनांचा लाभ एकदम घेता येतो का, हे अर्ज भरण्याआधी नियमात नीट वाचा. योजनांच्या अटी आणि रकमा बदलत राहतात, त्यामुळे चालू वर्षाचंच परिपत्रक पाहा.

कागद आधी, निकाल नंतर

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो कागदांवर. उत्पन्नाचा दाखला जुना असतो. जात वैधता प्रमाणपत्र हाती नसतं. आधारवर नाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं असतं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, मग मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. मोबाइल नंबर वडिलांचा, फोन वडिलांसोबत शेतात आणि ओटीपीची वेळ टळून जाते. लग्न झालेल्या मुलीचं तर नाव बदललेलं असतं, म्हणून तिचे कागद आणखी आधी बघावे लागतात.

अकरावीच्या पहिल्या पालकसभेतच हा विषय घ्या. प्रत्येक मुलीची एक फाइल करा: आधार, शिधापत्रिका, अधिवास, जात व वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलनंतर नवीन काढायला सांगा. पहिल्या वर्षी पैसे मिळाले म्हणून निर्धास्त राहू नका, नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो.

आणि पालकहो, पैसे खात्यात यायला उशीर होतो. पहिल्या तीन-चार महिन्यांच्या मेसची सोय प्रवेशाआधीच ठरवा. तेवढे महिने निभावले, तर मुलगी टिकते.