मंगोल लोकांच्या तंबूत एक तरुण मिशनरी

शास्त्रभाग : १ करिंथ ९:१९-२३, मार्क ४:२६-२९

मिशनरी लोकांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत वादळे, तुरुंगवास व मोठमोठ्या सभा यांची वर्णने भरपूर असतात. परंतु तो मनुष्य सकाळी उठून काय करीत असे, काय खात असे, कोणापाशी बसत असे, हे फारसे सापडत नाही. खरे पाहता सुवार्तेचे बहुतेक काम ह्याच साध्या गोष्टींत होत असते, हे आपल्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. म्हणून ह्या आठवड्याच्या पाठासाठी जेम्स गिल्मर ह्या स्कॉच मिशनऱ्याचा नित्यक्रम घेतला आहे. आपल्या मंगोल लोकांतील वास्तव्याविषयी त्यांचे पुस्तक १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी लहानसहान गोष्टीही मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत.

गिल्मरसाहेबांचा जन्म १८४३ साली ग्लासगो शहराजवळील कॅथकिन गावी झाला. लंडन मिशनरी सोसायटीने त्यांस मंगोल लोकांकरिता नेमिले, आणि १८७० सालच्या मे महिन्यात ते पेकिंग, म्हणजे ज्यास आता बीजिंग म्हणतात, तेथे पोहोचले. तेव्हा त्यांचे वय २६ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात तिएन्त्सिन शहरी मोठा दंगा होऊन अनेक परदेशी लोक व चिनी ख्रिस्ती मारले गेले. अशा दिवसांत थोडे थांबणे कोणी गैर मानले नसते. तरी ऑगस्टात ते उत्तरेकडे निघाले आणि गोबीचे वाळवंट ओलांडून रशियाच्या सरहद्दीवरील कियाख्ता गावी आले. त्याच सोसायटीच्या लोकांनी पूर्वी रशियाच्या हद्दीतील बुर्यात मंगोलांत राहून शास्त्राचे भाषांतर केले होते. पण तेथील सरकारने ते मिशन सुमारे १८४० साली बंद पाडले. म्हणजे ह्या तरुणाच्या हाती पुस्तक होते, पण ते वाचून दाखविता येईल अशी भाषा तोंडी नव्हती.

कियाख्ता येथे एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांची सोय चांगली झाली. अन्न, अंथरूण, ऊब, कशाचीच वाण नव्हती. मंगोल भाषा मात्र येईना. बरोबर प्रार्थना करावयास कोणी नाही व कामास आरंभही होत नाही, अशा स्थितीत त्यांचे मन फार खचले. रानात झाडाखाली बसलेल्या एलीयाची त्यांस आठवण होई (१ राजे १९). हे येथे मुद्दाम लिहितो. एखाद्या दूरच्या वाडीवर एकटा राहणारा उपदेशक उदास झाला तर काही मंडळी लगेच त्याचा विश्वास कमी पडला असे बोलू लागतात. एलीयास देवदूताने प्रथम बोल लावला नाही, भाकर दिली, हे त्यांनी पुन्हा वाचून पाहावे.

गिल्मरसाहेबांनी मग निराळी वाट धरिली. मंगोल तंबूंकडे फिरत असता एका तंबूतून त्यांस प्रार्थनेचा सूर ऐकू आला. आत एक लामा, म्हणजे बौद्ध साधू, बसला होता. बोलणे झाले आणि त्याच तंबूत त्याच्याबरोबर राहण्याचे ठरले. शिकविणारा गुरू, त्यास पगार, ठरलेला तास, असे काही नाही. केवळ त्या तंबूत राहावयाचे.

मंगोल तंबू म्हणजे लाकडी जाळीचा गोल सांगाडा व त्यावर लोकर थापून केलेल्या जाड बुरणुसाचे आच्छादन. मध्यभागी आगटी, आणि वर धूर जाण्यास भोक. त्या ओसाड मुलुखात लाकूड नाही, म्हणून जनावरांचे वाळलेले शेण जाळतात. आपल्या बायामाणसांस ह्यात नवल वाटणार नाही. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांस कसा लागतो हे त्यांस ठाऊक आहे. सकाळी नोकर आगटी पेटवी. विटेसारखा थापलेला चहा फोडून, कुटून तो कढत पाण्यात टाकीत, त्यात दूध व मीठ घालीत. साखर नाही. त्यातच भरड धान्याचे पीठ कालवून खात. ज्याचा त्याचा लाकडी वाडगा असे. जेवण झाले की तो चाटून पुसून अंगरख्यात, छातीशी ठेवावयाचा. मांसाचे मुख्य जेवण सायंकाळी. थंडी अशी की आगटी विझली की उबेचे नाव नाही.

दिवसभर शेजारी येत. कोणाचा घोडा हरवला, कोठे बर्फ फार पडले, कोणत्या मठात जत्रा आहे, अशा गप्पा चालत. गिल्मरसाहेब वही व शिसपेन घेऊन ऐकत बसत, आणि कानी पडलेला शब्द किंवा वाक्य टिपून मागाहून पाठ करीत. ह्या रीतीने जी भाषा त्यांस आली ती पोथीतली नव्हती, आगटीभोवतीची होती. मंगोलांची लेखी भाषा व बोली यांत मोठे अंतर आहे. आपल्याकडेही शुद्ध मराठीत सुंदर उपदेश करून उपदेशक घरी येतो, आणि अहिराणी बोलणारी म्हातारी शेजारणीस विचारते की, हा काय बोलला. तिला दोष देऊ नये.

प्रत्येक लोकांची एक मर्यादा असते, ती ह्या तरुणास शिकावी लागली. तंबूजवळ येताना पाहुण्याने दुरूनच ‘नोखाय!’ म्हणजे ‘कुत्रे!’ अशी हाक मारावी, मग घरातील माणसे बाहेर येऊन कुत्री आवरतात. चाबूक व काठी बाहेर ठेवावी. चाबूक घेऊन आत जाणे हा अपमान. बसल्यावर तपकिरीच्या कुप्या एकमेकांस द्यावयाच्या. तपकीर ओढण्याची इच्छा नसली तरी कुपी घेऊन नाकाशी न्यावी व परत करावी.

ह्याहून कठीण गोष्ट संशयाची होती. तेव्हा मंगोल मनुष्य घोड्यावाचून हिंडत नसे. हे साहेब व्यायामासाठी पायी फिरू लागले तेव्हा लोकांस वाटे की, हा आमच्या देशाचे भाग्य हेरीत आहे, पुरलेले धन शोधीत आहे. वहीत काही लिहिताना दिसले तर हा आपल्या राजास खबर पाठवितो अशी शंका येई. लामास ह्या लिहिण्याचे कारण माहीत होते. परक्यास ते कसे कळावे? म्हणून परक्या ठिकाणी त्यांनी फिरणे सोडले, लिहिणे आवरले. बंदूक घेऊन शिकारीस जाणेही वर्ज्य केले. ह्यांपैकी एकही गोष्ट पाप नव्हती. पौल करिंथकरांस जे लिहितो ते बहुधा अशाच गोष्टींविषयी आहे: स्वतःचा हक्क असता तो न वापरणे. आपल्या भागातही नवा उपदेशक वही काढून घरातील माणसांची नावे लिहू लागला की गावकरी गप्प होतात. त्यांच्या पूर्वजांनी ज्या ज्या वहीत नावे दिली, त्यांतून बहुधा कर तरी निघाला, नाही तर वेठ. पहिल्या महिन्यात वही पिशवीतच राहू द्यावी, असे आमचे मत आहे.

गिल्मरसाहेब डॉक्टर नव्हते. तथापि पेकिंगच्या मिशन इस्पितळात पाहून पाहून त्यांनी साधे उपचार शिकून घेतले होते. खरूज, संधिवात, दातदुखी, आणि धूर, वारा व उन्हाची झळ यांनी बिघडलेले डोळे, असे रोगी रोज येत. औषध घेताना लोक बसत, बोलत व ऐकत. पण ह्या कामातही काटे होते. एका गरीब मंगोलास मोतीबिंदू झाला होता; साहेबांनी समजावून त्यास पेकिंगास पाठविले. शस्त्रक्रिया साधली नाही. मग मुलुखभर बोलवा उठली की, परदेश्यांनी त्याच्या डोळ्यांतील रत्न काढून घेतले. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचे असे फळ पदरी पडले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा औषधाची पेटी उघडावी लागली.

हिवाळ्यात पुष्कळ मंगोल व्यापारासाठी पेकिंगास येत. तेव्हा फेरीवाल्याप्रमाणे पुस्तकांची पिशवी खांद्यावर घेऊन गिल्मरसाहेब त्यांच्या उतरण्याच्या जागी फिरत. १८७४ सालच्या डिसेंबरात एमिली प्रँकर्ड ह्या बाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढे बाईही मंगोलियात तंबूत राहिल्या. तेथे दाराला कडी नाही. जेवताना, प्रार्थना करताना, केव्हाही लोक आत येऊन बसत व टक लावून पाहत. एका तरुण स्त्रीस हे किती जड गेले असेल ह्याचा विचार आपल्या बायबलबाईंनी करावा. पुरुष चरित्रकार ह्यावर दोन ओळींपेक्षा अधिक लिहीत नाहीत.

आता फळाविषयी. चौदा वर्षे गेली, आणि एकही मंगोल मनुष्य उघडपणे ख्रिस्ताकडे आला नव्हता. १८८४ च्या आरंभी, उंट न घेता, ओझे पाठीवर घेऊन गिल्मरसाहेब पायी मंगोलियात गेले. पायांस फोड आले. त्या फेरीत ते एका मातीच्या खोलीत बसले असता धूर इतका दाटला होता की माणसाचे तोंड दिसेना. त्या धुरातून बोयिंतो नावाचा एक गृहस्थ म्हणाला की, मी काही महिन्यांपासून येशूचा शिष्य आहे. ती काळोखी खोली साहेबांस स्वर्गाच्या दारासारखी वाटली. १८८५ साली कालगन येथे बोयिंतोचा बाप्तिस्मा झाला, तोही अमेरिकन मिशनच्या पाळकांच्या हातून. पेरले एकाने, कापले दुसऱ्याने, आणि त्याविषयी तक्रार नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात एमिलीबाई वारल्या. पुढे साहेबांनी पूर्वेकडे शेती करणाऱ्या मंगोल व चिनी लोकांत काम धरिले. बाजारात तंबू ठोकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत औषध, पुस्तके व उपदेश चाले. पोशाख चिनी, खाणे गरीब माणसाचे; मांसही सोडले. येथे आमचे मत स्पष्ट सांगतो. त्यांनी शरीरास इतके कष्ट द्यावयास नको होते, असे त्यांच्या सोबत्यांस वाटे व आम्हांसही वाटते. अफू व दारू यांबरोबर तंबाखूही सोडल्यावाचून मंडळीत घेऊ नये असा त्यांचा आग्रह होता. त्यावरही मिशनमध्ये मतभेद झाला. शेजाऱ्याच्या भावनेसाठी स्वतःचा हक्क सोडणे ही एक गोष्ट, आणि आपला नियम दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे ही दुसरी.

१८८६ सालच्या आठ महिन्यांचा हिशेब त्यांनी स्वतः लिहिला आहे. सुमारे ६,००० रोगी पाहिले. सुमारे २४,००० लोकांस उपदेश केला. ३,००० पुस्तके विकली. ४,५०० पत्रके वाटली. १,८६० मैल प्रवास केला. आणि दोन मनुष्यांनी ख्रिस्तास उघडपणे पत्करिले. हा दोनाचा आकडा त्यांनी झाकला नाही, वाढविला नाही. ज्या उपदेशकांस दर तिमाहीस अहवाल लिहिताना हात जड होतो, त्यांनी हा हिशेब जवळ ठेवावा. आणि ते अहवाल वाचणाऱ्यांनीही ठेवावा.

२१ मे १८९१ रोजी तिएन्त्सिन येथे तापाने गिल्मरसाहेबांचा अंत झाला. वय ४७ वर्षांचे होते.

वर्गात हा पाठ घेताना प्रथम करिंथकरांस पत्रातील भाग एकाने सावकाश वाचावा, आणि आपल्या गावी कोणती रीत पाळली नाही तर माणसे दाराशीच थांबवितात, हे प्रत्येकाने सांगावे. मग मार्कातील भाग वाचून, पेरणारा झोपतो व उठतो त्या दिवसांत त्याने काय करावयाचे असते, ह्याचा विचार करावा. ज्यांच्या घरची बोली निराळी आहे त्यांनी मार्कातील त्या चार ओव्या आपल्या बोलीत सांगून पाहाव्यात, आणि पुढच्या रविवारी शेजारच्या एका घरी त्याच बोलीत ऐकवाव्यात.