समोरचा माणूस आधी, फोन नंतर

भातलावणीचे दिवस होते. आठवड्यातून एक दिवस मी भोरहून वेल्ह्याला रुग्ण तपासायला जातो. त्या दिवशी डोंगराकडच्या एका वाडीतून पासष्टीचे एक आबा आले. तक्रार गुडघ्याची. मी गुडघा पाहिला, गोळ्या लिहून दिल्या. आबा आणखी काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात टेबलावरच्या मोबाईलवर संदेश आला. मी तो वाचू लागलो आणि तोंडाने नुसते ‘हं, हं’ करीत राहिलो.

पंधरा दिवसांनी मुलाने आबांना गाडीत घालून आणले. छातीत दुखत होते, अंगाला दरदरून घाम सुटला होता. कार्डिओग्राम काढला आणि तातडीने पुण्यास पाठवले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. स्टेंट बसवावा लागला, पण आबा वाचले. महिन्याने दाखवायला आले तेव्हा मी थोडे रागावूनच म्हणालो, “आबा, चढ चढताना छातीत दाटत होतं, तर आधी सांगायचं नाही का?”

आबा शांतपणे म्हणाले, “सांगितलं व्हतं की डॉक्टर. तवा तुमी मोबाईलात व्हता.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. तो संदेश कशाविषयी होता, हे आज मला आठवतही नाही.

वाचकहो, आजच्या लेखाचा विषय मोबाईल आहे, पण केवळ मुलांना बोल लावण्यासाठी हा लेख नाही. मुले मोबाईल सोडत नाहीत, ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे येतात आणि तक्रार सांगता सांगता स्वतःच्या फोनकडे दोनदा पाहतात. घरोघरी मातीच्या चुली. हा रोग एकट्या मुलाचा नसून सबंध घराचा आहे, आणि त्यावरचा उपायही सबंध घरानेच करायचा आहे.

मन कोठे असते?

मोबाईल नव्हता तेव्हाही माणसाचे मन भटकतच होते. देवळात बसून गोठ्यातल्या गाईची काळजी करणारे लोक आपण पाहिले आहेत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढ माणसांना त्यांच्या फोनवरून अधूनमधून विचारले, “आत्ता काय करता आहात? मन त्यातच आहे की दुसरीकडे? आणि बरे वाटते आहे का?” असे दिसले, की सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि मन दुसरीकडे असताना माणसे कमी समाधानी होती.

या अभ्यासातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी, की ज्या क्षणी जे करतो त्यात मन असणे, ही साधुसंतांपुरती गोष्ट नसून रोजच्या समाधानाशी तिचा संबंध आहे. दुसरी अशी, की हा अभ्यास झाला तोही फोनवरूनच. म्हणजे फोन हा मूळचा शत्रू नव्हे. मात्र आधीच भटक्या असलेल्या मनाला त्याने चोवीस तासांची मोकळी वाट करून दिली आहे. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात फोन आला. वेल्ह्याच्या डोंगरात तर रेंजसाठी मुले टेकाडावर जाऊन बसत. शाळा पुन्हा भरल्या, पण हातातला फोन सुटला नाही.

तान्ही आणि लहान मुले

भोरमधल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. वय अडीच वर्षे. मोजून चार शब्द बोलत होता. फोनवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नव्हता. दिवसभर फोन समोर असे, कारण आई कामावर आणि आजीचे गुडघे दुखणारे.

मूल बोलायला शिकते ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून. ते ‘बा’ म्हणते, आई ‘बाबा’ म्हणते, ते हसते. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा घडावी लागते. पडद्यावरचे चित्र कितीही गोड गायले तरी मुलाच्या हाकेला ओ देत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी हसतखेळत बोलायचे आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवून त्याच्याकडे नुसते पाहायचे. बाळे हसून, हात हलवून, आवाज करून आईला परत आपल्याकडे वळवू पाहत. ती दाद देत नाही असे दिसल्यावर शेवटी हिरमुसून मान फिरवीत. त्या काळी मोबाईल नव्हते. आज मांडीवर बाळ आणि हातात फोन घेऊन बसलेल्या आपल्या चेहऱ्याकडे बाळाच्या नजरेने पाहिले, तर त्या प्रयोगाचा अर्थ चटकन ध्यानात येतो.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको (नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलणे चालेल), दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठे माणूस सोबत असताना, आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी.

फोन दाखवून भरवू नये. मुलाला चव कळत नाही, पोट भरलेले कळत नाही, नीट चावून खाण्याची सवय लागत नाही. एक सूचना मात्र महत्त्वाची: मूल उशिरा बोलते म्हणजे दोष फोनचाच, असे घरी बसून ठरवू नये. दीड वर्षाचे मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कानांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

शाळकरी आणि तरुण मुले

या वयात तीन तक्रारी वरचेवर येतात: डोळे, मान आणि झोप. एरवी आपण मिनिटाला पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे पाहताना हे प्रमाण खूपच घटते, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. भोर-वेल्ह्याच्या माणसाला त्यासाठी काही शोधावे लागत नाही. दारात आले की रोहिडा, राजगड किंवा तोरणा दिसतोच! मुलांनी दिवसाउजेडी बाहेर खेळावे. चीनमधील ग्वांगझोऊ शहरात १२ शाळांमध्ये झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत पहिलीपासून रोज ४० मिनिटे अधिक वेळ मुलांना बाहेर नेले, तेथे तीन वर्षांत लांबचे अंधुक दिसू लागलेल्या मुलांचे प्रमाण ३० टक्के होते, तर इतर शाळांत ते सुमारे ४० टक्के.

झोपेचे नुकसान तर डोळ्यांहून मोठे आहे. रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला, की झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य शरीरात उशिरा तयार होते. त्यात ‘आणखी एकच व्हिडिओ’ म्हणता म्हणता बारा वाजतात. सकाळी वर्गात डुलक्या, चिडचिड, विसराळूपणा. पालक म्हणतात, “डॉक्टर, टॉनिक द्या.” मी म्हणतो, “रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, तेच टॉनिक.”

याखेरीज एक दुखणे तपासणीत दिसत नाही. दुसऱ्याची सहल, दुसऱ्याचे कपडे, दुसऱ्याला मिळालेली शाबासकी दिवसभर पाहून मूल मनातल्या मनात स्वतःला कमी लेखू लागते. त्याला रागावून हा सल जात नाही. त्याच्याशेजारी बसून “आज काय पाहिलंस?” असे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.

आजी-आजोबा

म्हातारी माणसे यातून सुटली आहेत असे नाही. आपल्याकडे बहुतेक घरांतली तरुण मंडळी पुण्या-मुंबईला. नातवंडाचे तोंड व्हिडिओवर दिसते, हे सुख मोठेच आहे आणि ते अवश्य घ्यावे. परंतु उरलेला वेळ एकटेपणात जातो आणि तो फोन भरून काढतो. रात्री झोप येत नाही म्हणून फोन, आणि फोनमुळे झोप नाही.

दुसरा धोका आरोग्याच्या संदेशांचा. एका आजींनी रक्तदाबाची गोळी दोन महिने बंद ठेवली, कारण ‘अमुक पाल्याचा रस घ्या, गोळी कायमची सुटेल’ असा संदेश आला होता. माझ्याकडे आल्या तेव्हा दाब २०० वर ११० होता. संदेश पुतण्याने पाठवला होता म्हणून विश्वास बसला. ध्यानात ठेवावे, की पुतण्याने पाठवला म्हणजे पुतण्याने लिहिला असे नव्हे. चालू असलेले औषध फोनवरच्या संदेशावरून कधीही बंद करू नये.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या गावाने एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा. तो वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा सुरुवातीला लोक हसले. मग गावातल्या बायांची बैठक झाली. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन लोकांना समजावत राहिले, तेव्हा ते जमले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, असा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच. पण डॉक्टर म्हणून मला वडगावची रीत अधिक पटते, कारण तो भोंगा बापासाठीही होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? बाप फोनमध्ये डोके घालून बसला असेल, तर ‘अभ्यास कर’ या शब्दांना वजन राहत नाही.

आपल्या घरी काय करावे?

१. घरातल्या सर्वांनी मिळून संध्याकाळचा एक तास ठरवावा. सुरुवात अर्ध्या तासाने केली तरी चालेल. त्या वेळी सर्वांचे फोन एका टोपलीत किंवा फळीवर ठेवावेत. ठेवण्याचा मान प्रथम मोठ्यांनी घ्यावा. तातडीच्या फोनसाठी घंटी चालू ठेवावी.

२. जेवताना फोन नको. जेवताना जेवावे आणि बोलावे.

३. झोपण्यापूर्वी एक तास फोन बंद. उशाशी फोन नको. गजर लावण्यासाठी साधे घड्याळ घ्यावे.

४. मोकळा झालेला वेळ रिकामा सोडू नये, नाहीतर हात पुन्हा फोनकडे जातो. आजी-आजोबांना बोलते करावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ते आठवणारी माणसे आपल्या भागात आहेत. त्या दिवशी ती कोठे होती, काय करीत होती, हे नातवंडांनी विचारावे. भाताच्या कोणत्या जाती पूर्वी लावत, लावणीला कोणती गाणी म्हणत, हेही विचारावे. त्याच्या मोबदल्यात नातवंडांनी आजोबांना खोटा संदेश कसा ओळखावा ते शिकवावे.

५. मुलाच्या हातून फोन हिसकावू नये. पाच मिनिटे आधी सांगावे आणि मग हातात दुसरे काही द्यावे. पहिले चार-आठ दिवस रडारड होईल, घाबरू नये.

मूल फोनवाचून जेवण, शाळा, मित्र सारे टाकत असेल, फोन काढून घेतल्यावर स्वतःला इजा करण्याची भाषा बोलत असेल, किंवा घरातील कोणीही सतत उदास असेल, तर वेळ न दवडता डॉक्टरांना भेटावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तेथे दिवसरात्र केव्हाही बोलता येते. गमतीची गोष्ट म्हणजे त्यासाठीही फोनच लागतो. फोन असा कामापुरता उचलावा.

त्या अडीच वर्षांच्या मुलाचे कान तपासले, ते चांगले निघाले. आजी आता त्याला ओट्यावर बसवून कोंबड्या दाखवीत भरवतात. तीन महिन्यांत तो शब्द जोडू लागला आहे. अजून मागे आहे, पण वाटेला लागला आहे.

आणि मी? रुग्ण तपासताना माझा फोन खणात असतो. अगदी निकड असेल तरच कंपाउंडर आत येऊन सांगतो. परवा आबा पुन्हा आले. तब्येत ठीक आहे. तपासून झाल्यावर मी विचारले, “आबा, आणखी काही सांगायचं आहे?” त्यांनी आधी टेबलाकडे पाहिले, मग खुर्ची पुढे ओढली आणि दहा मिनिटे बोलले. दुखण्याचे त्यात थोडेच होते. पण ते सगळे मी ऐकले.